सीताफळ : नाव आपले, कूळ अमेरिकेचे

भाद्रपद सरून नवरात्र जवळ आले की छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) दौलताबाद, खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. देवगिरीच्या उतारांवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणि दक्षिणेकडे बालाघाटावर हे झाड इतक्या सहजपणे वाढते, की ते मूळचे इथले नव्हे, असे सांगितले तर सहसा कुणाला पटत नाही. नावात सीता आहे, जोडीला रामफळ आहे, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत त्याचे चित्र असल्याचेही वर्षानुवर्षे सांगितले जाते. वनस्पतिशास्त्राचा कौल मात्र वेगळा आहे. सीताफळ हे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झाड होय. त्याच्या अंगचे गुणधर्म बारकाईने पाहिले, तर हा पाहुणा मराठवाड्याच्या कोरड्या मुरमाड डोंगरांवर पाण्यावाचून कसा टिकला, याचाही उलगडा होतो.

सीताफळाचे शास्त्रीय नाव अनोना स्क्वामोसा. कार्ल लिनियस यांनी १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात ते दिले. यातील अनोना हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या भाषेतून आला, तर स्क्वामोसा म्हणजे खवले असलेली. ज्या कुळाला या झाडाचे नाव मिळाले, त्या सीताफळ कुळात जगभर सुमारे २,४०० जाती आहेत. आपल्या परिचयाची कितीतरी झाडे यात येतात. वसाहतींच्या कुंपणाला सरळसोट उभा असणारा, ज्याला आपण सरसकट अशोक म्हणतो तो खोटा अशोक याच कुळातला आणि संध्याकाळी पिकल्या फळासारखा दरवळणारा हिरवा चाफाही याच कुळातला. सोनचाफा आणि जायफळ ही त्यांची थोडी दूरची भावंडे. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षातील ही एक अतिप्राचीन फांदी मानली जाते. फुलांचे भाग तिनाच्या पटीत असणे आणि स्त्रीकेसर एकमेकांपासून सुटे, संख्येने पुष्कळ असणे ही तिची लक्षणे सीताफळात सहज पाहायला मिळतात.

झाड तसे लहानखुरे. तीन ते सहा मीटर उंचीचे, बुंध्यापासूनच फांद्या फुटणारे, त्यामुळे त्याला वृक्ष म्हणावे की झुडूप, असा प्रश्न पडतो. डोंगरावर खडकात उगवलेले झाड बहुधा झुडूपच राहते. पाने एकाआड एक, फांदीच्या दोन्ही बाजूंना दोन रांगांत. लांबट, टोकाकडे निमुळती, पाच ते पंधरा सेंटिमीटर लांबीची. पान चुरगाळले की उग्र वास येतो. हा वास आणि त्यामागची कडवट द्रव्ये यांमुळे शेळ्या-मेंढ्या सहसा या पानांना तोंड लावत नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या माळावर बोर-बाभळीचे कोवळे शेंडेदेखील खुडले जातात, तिथे सीताफळ मात्र हिरवेगार उभे दिसते, ते यामुळेच.

पानाच्या देठाजवळ एक वैशिष्ट्य आहे, ते सहसा लक्षात येत नाही. बहुतेक झाडांत पानाच्या बेचक्यात कोंबाचा डोळा उघडा दिसतो. सीताफळात देठाचा बुडखा त्या डोळ्यावर टोपीसारखा बसलेला असतो. पान गळल्याखेरीज डोळा उघडा होत नाही, आणि डोळा उघडा झाल्याखेरीज नवी फूट नाही. फुले प्रामुख्याने नव्या फुटीवरच येतात. म्हणजे पानगळ हा या झाडाच्या बाबतीत केवळ पाणी वाचवण्याचा उपाय नसून पुढच्या बहराची पूर्वअटच आहे. जिथे सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत आटोपतो, अशा आपल्या भागाशी हे वेळापत्रक नेमके जुळते. हिवाळा संपता संपता पाने पिवळी पडून गळतात, कडक उन्हात झाड निष्पर्ण उभे राहते, आणि वळवाच्या सरींच्या सुमारास नवी पालवी व तिच्याबरोबर कळ्या दिसू लागतात. बागाईतदार पाणी तोडून व पानगळ करून बहार धरतात, तेव्हा ते झाडाच्या याच स्वभावाचा उपयोग करून घेत असतात.

फूल पाहून कुणी मोहून जाईल असे नाही. पानाच्या समोरच्या बाजूला एकेकटे किंवा दोन-चारांच्या झुबक्याने लोंबणारे, हिरवट पिवळे. बाहेरच्या तीन पाकळ्या जाड, मांसल, दीड ते तीन सेंटिमीटर लांब, आतून बुडाशी जांभळट डाग असलेल्या. आतल्या तीन पाकळ्या इतक्या खुरटलेल्या, की नाहीतच म्हटले तरी चालेल. मध्यभागी शंकूसारख्या पुष्पासनावर अनेक स्त्रीकेसर दाटीने बसलेले आणि त्यांच्याभोवती पुंकेसरांचे कडे.

याच फुलात सीताफळाच्या साऱ्या अडचणींचे मूळ आहे. फूल द्विलिंगी असले तरी त्यातील स्त्रीभाग आधी पक्व होतो. पाकळ्या टोकाशी किंचित विलगतात, त्या वेळी कुक्षी ओलसर, परागकण घेण्यास सिद्ध असते. परंतु त्याच फुलातील परागकोश तेव्हा बंद असतात. पुढे पाकळ्या पुरत्या उघडून परागकण मोकळे होतात, तोवर कुक्षी सुकलेली असते. थोडक्यात, घरात दोघे असून भेट नाही. परागकण दुसऱ्या फुलातून यावे लागतात. त्याच झाडावरील दुसऱ्या फुलाचेही चालतात, पण ते आणायचे कुणी? या फुलात मधमाशीला आकर्षित करील असा मध नाही. वाऱ्याने उडावेत असे हलके परागकणही नाहीत. हे काम करतात ते पिकल्या-सडल्या फळांवर जगणारे, तिळाएवढे भुंगेरे. फुलाच्या फळासारख्या वासाने ते पाकळ्यांच्या अरुंद फटीतून आत शिरतात. हे भुंगेरे कमी असले, किंवा हवा फार कोरडी असून कुक्षी लवकर वाळली, तर फुलांचा सडा पडतो आणि फळ धरत नाही. एप्रिल-मेच्या पहिल्या फुलांतली बहुतेक वाया जातात, ती यामुळेच. जून-जुलैत हवेत दमटपणा आला की फळधारणा सुधारते. ‘यंदा फूल होते पण फळ लागले नाही’ ही तक्रार खतपाण्यापेक्षा अनेकदा या भुंगेऱ्यांशी आणि हवेशी निगडित असते. फवारणीची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. तैवानमध्ये तर बागाईतदार बारीक कुंचल्याने एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला हाताने लावतात. आपल्याकडेही काही प्रगतिशील शेतकऱ्यांनी हा मार्ग धरला आहे. काम वेळखाऊ, पण फळ भरदार येते.

भरदार का येते, हे फळाच्या रचनेवरून समजते. आंबा किंवा बोर हे एका अंडाशयाचे फळ असते. सीताफळ हे घोसफळ आहे. एका फुलातील अनेक सुटे स्त्रीकेसर वाढत वाढत एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे मिळून एक फळ दिसते. बाहेरून दिसणारा प्रत्येक खवला, ज्याला शेतकरी डोळा म्हणतो, हा एकेका स्त्रीकेसराचा माथा होय. आत त्याचीच एक पांढरी पाकळी आणि तिच्या पोटात बहुधा एक काळेभोर बी. ज्या स्त्रीकेसराला परागकण मिळाला नाही, तिथे बी नाही आणि गरही बेताचाच. फळ एका अंगाने खुरटलेले, वेडेवाकडे दिसले तर त्या बाजूला भुंगेरा पोचला नाही, असे खुशाल समजावे. बाजारात भाव पाडून मागण्याआधी गिऱ्हाईकाने आणि माल टाकून देण्याआधी शेतकऱ्याने हे जाणून घ्यावे, की वेडेवाकडे फळ गोडीत मुळीच कमी नसते.

फुलापासून फळ तयार व्हायला साधारणपणे चार महिने लागतात. डोंगरच्या झाडांची फळे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येतात. फळ पक्व होऊ लागले की दोन डोळ्यांमधील खाचा रुंदावतात आणि तिथे पिवळसर दुधी रंग येतो. याला डोळे उघडणे म्हणतात. असे फळ उतरवून आढीत ठेवले की तीन-चार दिवसांत पिकते. झाडावरच पिकू दिले तर ते फुटते, किंवा पाखरे, खारी आणि वानरे त्याचा समाचार घेतात. अर्थात बियांचा डोंगरभर प्रसार होण्यासाठी हा समाचार आवश्यकच होता! पिकलेले फळ शीतकपाटात ठेवल्यास साल काळी पडते, हे गृहिणींना ठाऊक आहेच. कच्चे फळ तर थंडीने पिकायचेच विसरते. गर उकळला की कडवट होतो, त्यामुळे बासुंदीत सीताफळ घालायचे ते दूध आटून थंड झाल्यावर. गरावर प्रक्रिया करणारे कारखानेही तो न उकळता गोठवून साठवतात. शंभर ग्रॅम गरात सुमारे ९४ कॅलरी ऊर्जा, २३ ग्रॅमच्या वर कर्बोदके आणि ३६ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. मधुमेह असलेल्यांनी हा आकडा ध्यानात ठेवून मोजकेच खावे.

आता बियांविषयी, कारण इथे प्रश्न आरोग्याचा आहे. बी उभे चिरले तर आतील अन्नसाठा सलग न दिसता सुपारीसारखा रेघारेघांनी दुभंगलेला दिसतो. जायफळातही अशीच नक्षी असते. या बियांत अॅसिटोजेनिन वर्गाची द्रव्ये असतात. ती पेशीतील ऊर्जानिर्मितीची क्रियाच रोखतात. कीटकांना ती मारक ठरतात, म्हणूनच खेडोपाडी उवा मारण्यासाठी बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावण्याची चाल आहे. ही चाल धोक्याची आहे. पुडीचा अंश डोळ्यात गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, प्रचंड आग होते आणि दृष्टी अंधूक होते. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केल्या आहेत. लहान मुलींच्या डोक्याला ही पूड लावून केस धुताना ती डोळ्यात उतरते, हे ध्यानात घेता घरातल्या जाणत्यांनी हा उपाय सोडून द्यावा. चुकून डोळ्यात गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. खाताना एखादे बी अखंड गिळले गेले तर टणक कवचामुळे ते सहसा तसेच बाहेर पडते. मात्र गराबरोबर बिया मिक्सरमध्ये फिरवू नयेत.

पानांच्या काढ्याने कर्करोग बरा होतो, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. प्रयोगशाळेतील पेशींवर या द्रव्यांचा परिणाम दिसतो हे खरे. पण जे द्रव्य पेशींना मारते ते निरोगी पेशींना सोडून देईल, याची हमी नाही. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडलूप बेटावर कंपवातासारख्या एका विकाराचे रुग्ण जास्त आढळले, आणि सीताफळाच्याच प्रजातीतील मामफळाची फळे व पानांचा काढा यांचे नित्य सेवन आणि तो विकार यांत संबंध असावा, असे निरीक्षण १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हंगामात चवीने सीताफळ खाणाऱ्याने यामुळे घाबरण्याचे कारण नाही. औषध म्हणून काढा पिणाऱ्याने मात्र थांबून विचार करावा.

राहिला प्रश्न कुळाचा. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपावरील कोरीव कामात सीताफळ ओळखल्याचे १८७९ च्या ग्रंथात लिहिले. अजिंठ्याची चित्रे नकलून घेणारे जॉन ग्रिफिथ्स यांनीही छतावरील फळांच्या नक्षीत आंब्याबरोबर सीताफळाचे नाव घेतले. अजिंठ्याची ही चित्रे वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातली. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. सीताफळ त्याच्या हजार वर्षे आधी वाघूरच्या काठी होते असे मानले, तर पोर्तुगीजांनी ते आणले ही कथा कोसळते. फ्रेंच-स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदोल यांनी १८८० च्या दशकात या दाव्यांची छाननी केली आणि अमेरिकेच्याच बाजूने मत दिले. चित्र आणि शिल्प हे वनस्पतीच्या ओळखीचे कच्चे साधन आहे. खवल्याखवल्यांची गोल आकृती म्हणजे फणस असू शकतो, कदंबाचे फूल असू शकते, किंवा कलावंताच्या मनातील निव्वळ नक्षीही.

याहून वजनदार पुरावा पुरातत्त्वाकडून आला. उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातील टोकवा येथील उत्खननात सीताफळाचे म्हणून ओळखलेले जळके बी मिळाले आणि त्याचे वय इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातले निघाले, असा निबंध २००९ मध्ये ‘रेडिओकार्बन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा पुरावा झटकून टाकता येत नाही. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. संशोधकांनी त्यावरून मांडलेली शक्यता ही कोलंबसपूर्व समुद्रप्रवासाची आहे, सीताफळ भारतात उपजल्याची नव्हे. अनोना या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती असून त्या जवळजवळ सर्व अमेरिकेतल्या आहेत, मोजक्या आफ्रिकेतल्या. आशियात तिची एकही मूळची रानटी जात नाही. झाडाचे सगेसोयरे जिथे राहतात तिथेच त्याचे घर शोधावे, हा वनस्पतिशास्त्राचा साधा आडाखा आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांत या फळाचा निःसंशय उल्लेख सापडत नाही, हेही बोलके आहे.

भाषेनेही काही खुणा जपून ठेवल्या आहेत. पोर्तुगीज भाषेत या फळाला ‘आता’ म्हणतात. बंगालीत ते ‘आता’च आहे आणि मल्याळीत ‘आत्तच्चक्क’. किनाऱ्यावर परदेशी नाव टिकले, पठारावर ते पुसले गेले आणि सीता आली. वनवासात सीतेने हे फळ खाल्ले, अशी लोकसमजूत आहे. शीत, म्हणजे थंड, यावरून शीतफळ आणि त्याचे सीताफळ झाले असावे, असेही एक मत आहे. एकदा सीताफळ म्हटल्यावर त्याच प्रजातीतील पुढच्या पाहुण्यांची बारशी सोपी झाली : रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ. गंमत अशी, की दिल्लीकडच्या बाजारात ‘सीताफल’ मागितले तर भोपळा हाती पडतो. तिकडे आपल्या सीताफळाला शरीफा म्हणतात. जुन्या निजामी राजधानीत मात्र आपलाच शब्द चालतो. सिकंदराबादेत सीताफळमंडी नावाची वस्तीच आहे.

बियांपासून वाढणारे हे झाड बऱ्याच अंशी मातृवृक्षासारखे निपजले, तरी तंतोतंत तसे नसते. शतकानुशतके डोंगरांवर असे उगवत गेल्याने त्यांत कमालीची विविधता आली आहे : कुणाचा गर दाट, कुणाच्या बिया कमी, कुणाची साल जांभळट लाल. बीड जिल्ह्यातील सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते बालाघाटावरच्या याच रानसंपदेच्या जोरावर. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे आणि त्याच्या ‘धारूर-६’ या वाणाच्या नावातच डोंगर आहे. तेलंगणातील बालानगर, बेंगळुरूच्या भारतीय फळबाग संशोधन संस्थेचे अर्का सहन हे संकरित वाण आणि बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांचे ‘एनएमके-१ गोल्डन’ ही लागवडीतली काही परिचित नावे. शेवटच्या वाणाचे फळ मोठे, टिकाऊ आणि कमी बियांचे असल्याने ते झपाट्याने पसरले. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र कलमाचे प्रत्येक झाड हुबेहूब मूळ झाडाची प्रत असते. पिठ्या ढेकणासारखी एखादी कीड किंवा नवा रोग त्याला भोवला, तर सर्व बागांना सारखाच भोवेल. त्या वेळी प्रतिकारशक्तीचे वाण शोधायला संशोधकांना दौलताबाद-धारूरच्या डोंगरांवरच यावे लागेल. खाणी आणि प्लॉटिंग यांसाठी एखादा उतार सपाट होतो, तेव्हा तिथल्या सीताफळींची मोजणी कुणी करत नाही, कारण ही झाडे कुणी लावलेली नसतात आणि संरक्षित वृक्षांच्या चर्चेत त्यांचे नावही निघत नाही. अशा झाडांपैकी चांगल्या फळांची झाडे हेरून त्यांच्या डोळकाड्या जवळच्या रोपवाटिकेत बांधून घेणे हे काम गावपातळीवरही होऊ शकते. त्यासाठी योग्य वेळ म्हणजे पानगळ झाल्यानंतरची, देठाची टोपी उतरून डोळे उघडे पडतात तेव्हाची.